ताजमहालाखालची जमीन : पु. ना. ओक यांचा युक्तिवाद

मंडळी, पु. ना. ओक हे नाव काढलं की निम्मे लोक हसतात आणि निम्मे सरसावून बसतात. आज दोन्ही नको. माणूस काय म्हणत होता ते नीट पाहू.

पुरुषोत्तम नागेश ओक मूळ इंदूरचे, जन्म १९१७चा. सिंगापूरला आझाद हिंद सेनेत गेले, पुढे दिल्लीत पत्रकारिता केली. १९६४ साली त्यांनी भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढली. २००७ साली पुण्यात वारले. इंग्रजांनी लिहिलेल्या इतिहासाबद्दल त्यांना संशय होता, आणि तो वेडगळ मुळीच नव्हता.

आता त्यांचा मुख्य पुरावा. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘बादशाहनाम्या’त लिहिलंय की मुमताजच्या कबरीसाठी निवडलेली जागा राजा मानसिंहाची होती, तिथे त्याचं घर होतं, आणि ती त्याचा वंशज जयसिंह याच्याकडून घेतली. हे खरं आहे! ओकांनी ते खोटं रचलं नाही. पण तिथे घर होतं, म्हणून आज उभी आहे तीच ती इमारत, ही उडी कुठून आली? त्याच ग्रंथात लाहोरी पुढे सांगतो की १६३२च्या सुरुवातीला पायासाठी खोदकाम सुरू झालं, थेट पाणी लागेपर्यंत खणलं आणि मग दगड-चुन्याने पाया भरून घेतला. जयसिंहाला बदल्यात चार हवेल्या दिल्याचं १६३३चं फर्मान आहे. मकराण्याचा संगमरवर पाठवा, म्हणून त्यालाच लिहिलेली फर्मानंही आहेत. तयार वाड्यासाठी एवढा दगड कशाला मागवायचा?

बरं, ओक आधी म्हणाले हा राजपूत राजवाडा. नंतर म्हणाले शिवमंदिर, तेजोमहालय. म्हणजे पुरावा बदलला, इमारतीचा प्रकार बदलला. शाहजहानने ती बांधली नाही, एवढं मात्र हललं नाही. तर्कशास्त्र शिकवताना मला याहून चांगलं उदाहरण क्वचितच मिळालं.

शब्दांच्या व्युत्पत्तींवर मी फार वेळ घालवणार नाही. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती. या न्यायाने कॅनडा कानडी लोकांनी वसवला म्हणायलाही हरकत नाही.

२००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. २०२२ साली, ओक जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, ताजमहालाच्या बंद खोल्या उघडा म्हणून दुसऱ्या कुणीतरी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे धाव घेतली. तीही याचिका फेटाळली गेली. अनेकजण मला विचारतात, सर, उघडून एकदाचा सोक्षमोक्ष का लावत नाहीत? मी उलट विचारतो : खोल्या रिकाम्या निघाल्या तर तुम्ही काय म्हणाल? बहुतेकांचं उत्तर तयार असतं, आतलं आधीच हलवलं असेल. ओकांचं ताजमहालावरचं पुस्तक मी याच एका गोष्टीसाठी पुन्हा वाचलं. अमुक सापडलं तर माझं म्हणणं चूक समजा, असं एखादं वाक्य मी शोधत होतो. मला ते मिळालं नाही.