गोवा पावडर आणि खेकड्याची नांगी

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात मामांची चादर वेगळी असे. तिच्यावर जांभळट-तपकिरी डाग होते आणि ते कोणत्याही साबणाने निघत नसत. मामांना सोरायसिस होता. डाग मलमाचे होते. त्या मलमातल्या औषधाचं नाव डिथ्रॅनॉल, हे मला फार उशिरा कळलं. त्याची वंशावळ शोधत गेलो, तर ती थेट मुंबई-गोव्यात येऊन पोहोचली.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर भुकटी मिळे. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून ती लावत. १८६४मध्ये मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी तिच्याविषयी लिहिलं आणि इंग्लंडातल्या औषधनिर्मात्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. नाव गोव्याचं, पण झाड गोव्याचं नव्हे. ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी १८७५मध्ये ओळख पटवली : ही तर आमची अरारोबा! तिकडच्या एका झाडाच्या खोडातल्या चिरांत आणि पोकळ्यांत साठणारी ही भुकटी पोर्तुगीज व्यापाराबरोबर गोव्यात उतरली होती. काजूही त्याच वाटेने आला.

पुढचा टप्पा चुकीतून आला. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांच्या एका रुग्णाने सोरायसिसच्या चट्ट्यांना गजकर्ण समजून गोवा पावडर चोळली आणि चट्टे ओसरले. स्क्वायर यांनी १८७६मध्ये ही गोष्ट मांडली, दोन वर्षांनी त्यावर पुस्तक लिहिलं. रुग्णाचं नाव इतिहासात उरलं नाही. माझ्या मते शोधाचा निम्मा वाटा त्याचाच. भुकटीतलं मुख्य द्रव्य क्रायसारोबिन आहे, हे १८७८मध्ये लीबरमान आणि झायडलर यांनी दाखवलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा त्याची कृत्रिम बहीण तयार झाली. १९१६मध्ये गालेव्स्की आणि ऊना यांनी ती सोरायसिसवर वापरून पाहिली. तीच डिथ्रॅनॉल, मामांच्या चादरीवरची.

हल्ली ‘शरीरातले जड धातू काढा, सोरायसिस बरा करा’ असं सांगणारे भेटतात. त्यांचा शब्द ‘कीलेशन’. तो १९२०मध्ये मॉर्गन आणि ड्रू यांनी ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून घडवला. धातूच्या अणूला दोन्ही बाजूंनी पकडणारा रेणू, एवढाच त्याचा अर्थ. डिथ्रॅनॉलच्या कुळातले रेणू हे करू शकतात : त्याचा भाऊबंद डँथ्रॉन मॅग्नेशियमला धरून लाल रंग देतो. पण चट्टे ओसरतात ते या पकडीमुळे, असं सिद्ध झालेलं नाही. डिथ्रॅनॉलच्या विघटनातून मुक्त मूलकं निर्माण होतात आणि त्यांनी पेशींची बेसुमार वाढ मंदावते, असं मानतात.

धातूंशी खरी गाठ पडते ती डबीत. डिथ्रॅनॉल झिंक ऑक्साइडच्या पेस्टमध्ये मिसळलं की ते बिघडून काळपट होतं. म्हणून त्यात सॅलिसिलिक ॲसिड घालतात. तेच ॲसिड, जे अकरावीच्या प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइडबरोबर गर्द जांभळं होतं. लीड्सच्या इंग्रॅम यांनी १९५३मध्ये डांबराचं स्नान, अतिनील किरण आणि ही पेस्ट यांची पद्धत मांडली. पुढे कित्येक रुग्णालयांत ती चालली.

नांगीचा औषधी उपयोग सोरायसिसच्या इतिहासात आहे, पण तो उपचाराने केलेल्या जखमेवर. १७८६च्या फाउलरच्या द्रावणात सोमल असे आणि एकोणिसाव्या शतकात ते सोरायसिसवर सर्रास पाजलं जाई. तळहात खरखरीत होत, काहींना पुढे कर्करोग होई. हचिन्सन यांनी हे १८८८च्या सुमारास नोंदवलं. सोमलाला पकडून बाहेर काढणारं ‘बाल’ हे औषध दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला पीटर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं, तेही विषारी वायूवर उतारा म्हणून. आज सोरायसिसवर शिरेतून ईडीटीए घेण्यास आधार नाही, आणि रक्तातलं कॅल्शियम अचानक उतरून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत.

मामांनी तसलं काही केलं नाही. ते रोज संध्याकाळी मलम लावून, अंगाला जुनं धोतर गुंडाळून ओट्यावर बसत. चादर आईने अखेर फरशी पुसायला घेतली. डाग फाटेपर्यंत तसेच होते.