लोण्याचे डोंगर आणि दुधाचा कोटा

रोमच्या १९५७च्या कराराने पश्चिम युरोपातील सहा देशांची सामाईक बाजारपेठ उभी केली. शेतमालाचे नेमके काय करायचे, हे मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडले. ते काम सिको मान्सहोल्ट यांच्याकडे आले. स्वतः शेतकरी असलेले मान्सहोल्ट १९४५ साली नेदरलँड्सचे कृषिमंत्री झाले, तेव्हा त्या देशाने उपासमारीचा हिवाळा नुकताच सोसला होता. पुन्हा अन्न कमी पडू द्यायचे नाही, या धास्तीतूनच पुढचे धोरण घडले. १९६१च्या अखेरची मुदत संपत आली तेव्हा ब्रसेल्समध्ये मंत्र्यांनी घड्याळच थांबवले आणि १४ जानेवारी १९६२पर्यंत घासाघीस करून सामाईक कृषी धोरण मंजूर केले.

१९६८पासून दुधाची बाजारपेठही एक झाली. दूध नासते, म्हणून डेअऱ्यांचे लोणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी ठरल्या भावाने विकत घेण्याचे बंधन सरकारी यंत्रणांवर आले. गिऱ्हाईक नसले तरी खरेदी पक्की. मग दूध कमी कोण काढणार? शीतगृहे भरत गेली, वर्तमानपत्रे ‘लोण्याच्या डोंगरां’विषयी लिहू लागली. सुमारे पन्नास लाख लोकांनी शेती सोडावी, असे १९६८च्याच डिसेंबरात मान्सहोल्ट यांनी सुचवले. १९७१च्या फेब्रुवारीत चिडलेल्या शेतकऱ्यांनी ब्रसेल्समधील मंत्र्यांच्या बैठकीत थेट गाई आणून उभ्या केल्या. योजना पुढे पार पातळ झाली.

या अतिरिक्त साठ्याची एक वाट भारतात आली. १९७०मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ या दूधविकास कार्यक्रमासाठी जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑईल देणगी म्हणून ठरले. मुंबईसह चार महानगरांच्या डेअऱ्यांना ते विकून आलेला पैसा सहकारी दूध संघांच्या उभारणीत घातला गेला.

युरोपात मात्र १९८४मध्ये दूध उत्पादनावर कोटा लावावा लागला: ठरल्या वाट्याहून जादा दूध काढले तर दंड. आयर्लंडचे पंतप्रधान गॅरेट फिट्झजेराल्ड मार्चच्या शिखर बैठकीतून उठून गेले आणि अखेर देशासाठी सवलत मिळवूनच थांबले. प्रत्येक देशाचा वाटा ब्रसेल्समध्ये ठरे, वाटप देशाने करायचे. आणि इथेच एका नियमाची अनेक धोरणे झाली. फ्रान्सने कोटा जमिनीला बांधून ठेवला आणि त्याचे फेरवाटप जिल्हा पातळीवर प्रशासनाच्या हाती दिले. डोंगराळ भागातली दूधशेती टिकावी हा त्यामागचा एक हेतू होता. ब्रिटनमध्ये कोटा विकला जाऊ लागला, भाड्यानेही मिळू लागला. गाई विकून नुसत्या कोट्याच्या भाड्यावर राहण्याची सोय त्यातून झाली, ही धोरणकर्त्यांच्या गावीही नसलेली गोष्ट. इटलीत पहिली कित्येक वर्षे कोटा गोठ्यापर्यंत नीट पोहोचलाच नाही. जादा दुधाचा दंड सरकारच भरत राहिले. तो शेतकऱ्यांकडून वसूल करायची वेळ आली, तेव्हा १९९७मध्ये ट्रॅक्टर मिलानजवळच्या रस्त्यांवर आडवे लागले. कोटा ३१ मार्च २०१५ला रद्द झाला. वसुलीत कुचराई केल्याबद्दल इटलीविरुद्धचा युरोपीय न्यायालयाचा निकाल त्यानंतर, जानेवारी २०१८मध्ये आला. थकबाकी १३० कोटी युरोंहून अधिक होती.