विशेष मुलांचं मन कुणी बघायचं? सिंगापूरची गोष्ट

पुण्यात कुणाला वेड्यात काढायचं असलं की 'याला येरवड्याला न्या' म्हणतात, मुंबईकर 'ठाण्याला' म्हणतात. सिंगापूरमध्ये हेच काम 'वूडब्रिज' हे नाव करतं. तिथलं मनोरुग्णालय १९२८ मध्ये उघडलं आणि १९५१ पासून त्याला वूडब्रिज म्हणायला लागले. १९९३ मध्ये ते बुआंगकॉकला नव्या जागेत गेलं, 'इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ' झालं. तरी जुन्या लोकांच्या तोंडून वूडब्रिज काही गेलं नाही. आता सांगा, अशा दारात आपलं मूल घेऊन जायला आईबापाचा पाय कसा उचलेल?

मुलांसाठी वेगळी सोय हवी, हा विचार तसा जुना आहे. १९०९ मध्ये शिकागोत विल्यम हीली या डॉक्टरांनी बालन्यायालयात येणाऱ्या मुलांचा अभ्यास सुरू केला. मूल 'वाईट' का निघालं, याचं उत्तर एकट्या डॉक्टरला सापडत नाही, हे तिथं लक्षात आलं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या चाइल्ड गाइडन्स क्लिनिकांमधून तिघांची टीम रूढ झाली. मानसोपचारतज्ज्ञ मुलाला तपासणार, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेणार आणि समाजकार्यकर्ती घरी, शाळेत जाऊन चौकशी करणार. १९२७ मध्ये ही कल्पना पूर्व लंडनला पोचली आणि १९३७ मध्ये मुंबईत, सर दोराबजी टाटांच्या नावानं नुकत्याच निघालेल्या समाजकार्याच्या संस्थेत. सिंगापूरमध्ये मुलांचं मानसोपचार क्लिनिक १९७० मध्ये आलं. म्हणजे याबाबतीत आपली मुंबई तेहतीस वर्षं पुढे होती!

पण यात एक मोठी गोची होती. ही क्लिनिकं मुख्यतः 'सर्वसाधारण बुद्धीच्या, पण बिघडलेल्या' मुलांसाठी होती. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना सुधारणा होणार नाही असं समजून बरेचदा बाजूला ठेवलं जायचं. त्यांच्यासाठी धावून आल्या त्या सेवाभावी संस्था. सिंगापूरमध्ये सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी १९५७ मध्ये आणि बौद्धिक अपंगत्वासाठी १९६२ मध्ये संस्था निघाली. आज आपण तिला 'माइंड्स' म्हणून ओळखतो. मुंबईत जय वकील शाळा १९४४ चीच.

म्हणजे दोन वेगळे रूळ पडले. मन बिघडलं तर रुग्णालय, अपंगत्व असेल तर विशेष शाळा. आणि दोन्ही असेल तर? ऑटिझम असलेल्या मुलालाही चिंता, नैराश्य येऊ शकतं, पण 'त्याच्या ऑटिझममुळेच होतंय ते' म्हणून विषय संपायचा. कायद्यातही हेच दिसतं. सिंगापूरमध्ये प्राथमिक शिक्षण २००३ पासून सक्तीचं झालं, पण विशेष मुलांना त्यातून 'सूट' होती. ती २०१९ मध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांपासून काढली.

या दोन रुळांमधलं अंतर कमी व्हायला लागलं ते टीम बाहेर पडली तेव्हा. २००५ पासून शिक्षण मंत्रालयानं नेहमीच्या शाळांमध्ये विशेष गरजांसाठी प्रशिक्षित माणसं नेमायला सुरुवात केली. २००७ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थच्या पुढाकारानं 'रीच' सुरू झालं. यात डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि नर्स यांची पथकं स्वतः शाळेत जातात. आधी शाळेचा समुपदेशक बघतो, गरज पडली तर पथकाला विचारतो आणि त्यानंतरही लागलं तरच क्लिनिक. पुढे हे काम विशेष शाळांपर्यंतही पोचलं. बहुतेक मुलांना वूडब्रिजच्या दारात जावंच लागू नये, हा त्यातला हेतू.

टीम नक्की काय करते? समजा, ऑटिझम असलेला नऊ वर्षांचा एक मराठी मुलगा अचानक वर्गात डोकं आपटायला लागला. शिक्षिका म्हणते, शिस्त नाही. डॉक्टर झोपेचं, दुखण्याचं बघतात. थेरपिस्टला कँटीनचा गोंगाट खटकतो. समाजकार्यकर्ती आईला विचारते, 'घरी काही बदललंय का?' तेव्हा कळतं, व्हिसा संपला म्हणून आजी मागच्या महिन्यात पुण्याला परत गेली. रोज रात्री मराठीत गोष्ट सांगणारं माणूसच गेलं! चौघांनीही बघितलं ते खरंच होतं, पण ते एका टेबलावर आलं नसतं तर मुलाला फक्त गोळी मिळाली असती, नाहीतर शिक्षा.

आमच्या अभ्यासातून मला पटलेली गोष्ट एवढीच, की टीम तज्ज्ञांच्या संख्येवर चालत नाही. घरात काय चाललंय ते विचारणारं आणि सगळ्यांना सांगणारं कुणीतरी तिच्यात लागतं. शंभर वर्षांपूर्वी दारोदार फिरणारी समाजकार्यकर्ती तेच करत होती. पैसे कमी पडले की पहिली कात्री मात्र तिच्याच कामाला लागते.

तुमच्यापैकी काहींच्या घरात असं मूल असेल, भाचा असेल, धाकटी बहीण असेल. शाळेच्या मीटिंगला जाताना आजीचं, झोपेचं, घरातल्या भाषेचं सगळं सांगा. 'मराठी बंद करा, गोंधळ होतो' असा सल्ला मिळाला तर लगेच मान डोलवू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं नुकसान होतं, असा पुरावा आजवरच्या संशोधनात मिळालेला नाही. त्या टेबलावर घराची खुर्ची तुमची आहे. ती रिकामी ठेवू नका.