कर्ज कोणाचे कोणावर?

माझी आजी सुईण होती. पाटलाच्या वाड्यात असो की मांगवाड्यात, अडलेली बाई मोकळी होईपर्यंत ती जागची हलत नसे. मोबदला काय, तर शेर-दोन शेर ज्वारी आणि एखादे जुनेर. बाळाची नाळ कापायला तिचा हात चाले. त्याच घरातल्या पाण्याच्या माठाला तो चालत नसे. तिचे गावाकडे किती येणे निघते, याची नोंद कोणत्याही वहीत नाही. माझ्या शिष्यवृत्तीची नोंद मात्र सरकारी दप्तरात पै-पैशाने आहे, आणि शिकत असताना ती मला वारंवार ऐकवली गेली. म्हणून स्त्री-डॉक्टरांचा इतिहास वाचताना मी आधी एवढेच पाहते : शिकण्याचा पैसा कोणी दिला, आणि बदल्यात काय मागितले?

आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना नोकरी देऊ केली. पण त्या आजारीच परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. आपली पाठ्यपुस्तके त्यांच्यापाशी थांबतात. कारण त्याग साजरा करणे सोपे असते. राबणाऱ्या बाईचा पगार मोजणे अवघड.

सुतार समाजातल्या रखमाबाईंना तर शिक्षणाआधी स्वतःची सुटकाच विकत घ्यावी लागली. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिला. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये मोजून नवऱ्याने हक्क सोडला. पुढच्या वर्षी हितचिंतकांच्या मदतीने त्या लंडनला गेल्या. तेथून डॉक्टर होऊन परतल्यावर आधी सुरत आणि मग राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले. आपल्याकडे त्यांच्या खटल्यावर पुष्कळ लिहिले गेले, या तीस वर्षांवर फार थोडे.

पैशाचा पेच सर्वात उघडा दिसतो तो बंगालच्या हैमवती सेन यांच्या आयुष्यात. बालविधवा झालेल्या या बाई कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत परीक्षेत पहिल्या आल्या. सुवर्णपदक एका बाईला मिळते म्हणून मुलग्यांनी दंगा केला. हैमवतींनी पदक सोडले आणि रौप्यपदकासह महिना तीस रुपयांची शिष्यवृत्ती पत्करली. त्यांना चूल पेटवायची होती. सन्मान परवडत नव्हता. पुढे चिनसुऱ्याच्या डफरिन रुग्णालयात त्यांनी नोकरी केली, आणि कमाई नवऱ्याच्या हाती जात राहिली.

ज्या डफरिन निधीतून अशी रुग्णालये उभी राहिली, तो १८८५ मध्ये स्थापन झाला. १९०३ मध्ये दायांना प्रशिक्षण देण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी निघाला. बाळंतिणी दगावतात त्या अडाणी, घाणेरड्या दाईमुळे, असा त्या काळच्या साहेबी लिखाणाचा सूर होता. पण बाळंतपण विटाळाचे ठरवून ते काम खालच्या जातीच्या बाईच्या गळ्यात कोणी बांधले, हे कोणी विचारले नाही. दाईला शिकवून उपकार करणारे पुष्कळ निघाले. तिचे थकलेले येणे द्यायला कोणी पुढे आले नाही.

हा हिशेब अजून मिटलेला नाही. सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करण्याचे बंधपत्र महाराष्ट्रात लिहून घेतले जाते. खेड्यातल्या बाईला डॉक्टर मिळावी, म्हणून ही अट मुळात रास्तच आहे. पण अनेक वर्षे दहा लाख रुपये भरून तिच्यातून सुटता येत असे. ज्याच्या घरी दहा लाख होते त्याच्यासाठी तो सौदा होता; जिच्या घरी नव्हते तिच्यासाठी बंधन. आणि बंधपत्रात न लिहिलेले एक कर्ज आमच्या मुलींच्या डोक्यावर वेगळेच असते : ‘राखीव जागेवर आलीस’ हे. मे २०१९ मध्ये मुंबईत तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपवले. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला आणि खटला उभा राहिला. त्या स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. म्हणजे जे काम आमच्या आज्यांच्या गळ्यात पिढ्यान्‌पिढ्या विटाळ म्हणून बांधले होते, तेच काम शास्त्र म्हणून शिकायला त्या गेल्या होत्या.

म्हणून आपल्या विद्यार्थिनींना मला एवढेच सांगायचे आहे. गावी सेवेला जा. तिथे आपलीच माणसे वाट पाहत आहेत. पण शिष्यवृत्ती घेताना मान खाली घालू नका. ती भीक नव्हे, कर्जही नव्हे. तुमच्या आजीचे जे येणे बाकी आहे, त्यातला तो पहिला हप्ता आहे.