तसबीर नटाची की पात्राची?

प्रस्तुत टिपणात रंगभूमीच्या इतिहासातील एका उपेक्षित वस्तूचा विचार करावयाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये लोकप्रिय नटांची छापील चित्रे विकत मिळत. साधे चित्र एका पेनीस, रंगविलेले दोन पेनींस. एडमंड कीनसारख्या नटाचे चित्र प्रेक्षक घरी नेत आणि त्यावर कापडाचे तुकडे व चकाकता वर्ख चिकटवून त्याला रंगभूमीवरील वेष चढवीत. जपानात काबुकी नटांच्या ठशांची परंपरा याहूनही जुनी असून, स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषनटांची चित्रेही तेथे निघत.

आपल्याकडेही स्त्रीभूमिका पुरुषच करीत. किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले; पुढे भाऊराव कोल्हटकरांच्या गायनाने प्रेक्षक वेडावले. छपाईचे साधनही उपलब्ध होते. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा, तर मुंबईत १८९४ साली रविवर्म्यांचा छापखाना निघाला. परंतु या शिळाछापांचा मुख्य विषय नट नव्हता; रामपंचायतन, देवदेवता, पुराणकथा हा होता. रविवर्म्यांच्या छापखान्याचे पहिले चित्रही शकुंतलेच्या जन्माचे होते. या चित्रांना लोक जर व टिकल्या लावून सजवीत. तात्पर्य, लंडनमध्ये जी चकाकी नटाच्या चित्रावर चढली, ती येथे पात्राच्या चित्रावर चढली.

भाषेची साक्षही याच दिशेची आहे. मूळ अरबी 'तस्वीर' मराठीत 'व'चा 'ब' होऊन 'तसबीर' झाली व भिंतीवरील चौकटीत स्थिरावली. पुढे 'फोटो' आला. तोही छायाचित्रापुरता न राहता छापील चित्रास लागू झाला. 'देवाचा फोटो' म्हणताना कोणासही विसंगती जाणवत नाही. चित्रासाठी कोणी माणूस समोर बसला होता काय, हा प्रश्न हे शब्द विचारीतच नाहीत.

१९०५ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले व पुढे त्यांची छायाचित्रे घरोघर गेली. स्त्रिया त्यांच्या वेषभूषेचे अनुकरण करू लागल्या. मात्र त्या छायाचित्रांतही प्रेक्षकांस दिसे ती रुक्मिणी किंवा सिंधू. नारायण श्रीपाद राजहंस नव्हे.

१९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील घरांच्या भिंतींकडे या दृष्टीने पाहावयास हवे. तेथे तुळजाभवानीच्या तसबिरीशेजारी एखादी जुनी शकुंतला वा सुभद्रा आढळल्यास आपण तिची नोंद 'धार्मिक चित्र' अशी करून मोकळे होतो. त्यामुळे नाट्येतिहासाचा एक पुरावा हातचा जातो. यास्तव विद्यार्थ्यांनी अशा चित्राची नोंद करताना छापखान्याचे नाव, सजावटीच्या खुणा आणि घरातील वृद्ध त्यास कोणत्या शब्दाने ओळखतात, या तिन्ही गोष्टी टिपाव्यात. चौकट कालांतराने मोडेल व चित्रही विटेल. परंतु त्या वृद्धांबरोबर तो शब्द व त्यामागील स्मृती त्याआधीच नाहीशी होईल.