अर्लिकमनचा कबुलीजबाब आणि अर्लिकमनचं दप्तर

अमेरिकेच्या ‘अमली पदार्थांविरुद्धच्या युद्धा’चा विषय निघाला की एक कबुलीजबाब हमखास पुढे केला जातो. तो राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे देशांतर्गत धोरणाचे प्रमुख सल्लागार जॉन अर्लिकमन यांच्या नावावर आहे. त्याचा आशय असा: निक्सन यांच्या गोटाला दोन शत्रू होते, युद्धविरोधी डावे आणि काळे लोक. काळं असणं किंवा युद्धाला विरोध करणं हा काही गुन्हा ठरवता येत नव्हता. मग हिप्पींचं नाव गांजाशी आणि काळ्यांचं हेरॉइनशी जोडून दिलं, दोन्हींवर कडक कायदे आणले, आणि त्यांच्या वस्त्यांत धुमाकूळ घालायला वाट मोकळी झाली. आपण खोटं बोलतोय हे आम्हाला ठाऊक होतं, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे. माहितीपटांत, व्याख्यानांत, समाजमाध्यमांवर हे वाक्य फिरत असतं. आपल्याकडेही १९८५च्या एनडीपीएस कायद्यावर किंवा गांजाबंदीवर वाद रंगला की कुणीतरी ते ब्रह्मास्त्रासारखं काढतंच. गुन्हेगारानेच गुन्हा कबूल केला, आता आणखी पुरावा कशाला?

पुरावा हवा, कारण हा कबुलीजबाब अर्लिकमन यांनी कुठेही लिहून ठेवलेला नाही. पत्रकार डॅन बॉम यांनी १९९४ मध्ये त्यांची मुलाखत घेतली. त्याच विषयावरचं बॉम यांचं पुस्तक १९९६ मध्ये आलं, पण त्यात हे वाक्य नाही. १९९९ मध्ये अर्लिकमन वारले. वाक्य छापलं गेलं ते २०१२ मध्ये, एका संकलनात, आणि जगभर गेलं ते २०१६च्या एप्रिलमध्ये ‘हार्पर्स’ मासिकातल्या बॉम यांच्या लेखामुळे. पुस्तकाच्या कथनशैलीत ते बसत नव्हतं म्हणून गाळलं, असा खुलासा बॉम यांनी केला. अर्लिकमन यांच्या मुलांनी ते साफ नाकारलं. बॉम यांनी ते रचलं असं माझं म्हणणं नाही. त्यांनी ते ऐकलंही असेल. पण ऐकलं ते कुणाकडून? वॉटरगेट प्रकरणात दीड वर्ष तुरुंगात काढलेल्या, ज्याच्यासाठी तुरुंगात गेलो त्याने जाता जाता माफीसुद्धा दिली नाही याची सल मनात असलेल्या माणसाकडून. आणि तेही घटनेनंतर वीसेक वर्षांनी.

मराठी वाचकाला इथे इतिहासकार वि. का. राजवाडे आठवावेत. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना त्यांनी बखरींची जी झाडाझडती घेतली, तिचा गाभा एवढाच होता की घटनेच्या दिवशी कामापुरता लिहिलेला कागद हा नंतर कुणाला तरी सांगितलेल्या हकिगतीपेक्षा विश्वासार्ह. बॉम यांचा लेख ही बखर झाली. अस्सल कागदांचं काय?

ते आहेत, आणि विपुल आहेत. पदत्याग केल्यावर निक्सन यांना आपले कागद आणि ध्वनिफिती स्वतःकडे ठेवायच्या होत्या. काँग्रेसने डिसेंबर १९७४ मध्ये खास कायदा करून त्या सरकारजमा केल्या. आज ते सारं कॅलिफोर्नियातल्या योर्बा लिंडा इथल्या निक्सन ग्रंथालयात आहे. अर्लिकमन यांची बैठकांतली हस्तलिखित टिपणं त्यात आहेत (गृहस्थाला बैठकीत चित्रं गिरगटायचीही सवय होती). हाताखालच्यांनी पाठवलेली टाचणं आहेत, मसुदे आहेत, शेरे आहेत. या कागदांचा मासला म्हणून १९७० सालच्या डिसेंबरातला एक कागद पाहण्यासारखा आहे. गायक एल्विस प्रेस्ली अमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला मागायला व्हाइट हाउसच्या दारात येऊन थडकला. राष्ट्राध्यक्षांना तडफदार तरुणांना भेटायचं असेल तर याच्यापासून सुरुवात करावी, असं एका सहायकाने लिहिलं. त्याच्या समासात व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ एच. आर. हाल्डमन यांनी ‘थट्टा करताय की काय’ अशा अर्थाचा शेरा मारला, आणि तरी भेटीला मंजुरी दिली. लोकांना दाखवायला लिहिलेले कागद असे नसतात.

या दप्तरात अमली पदार्थांचा विषय सांभाळत होते अर्लिकमन यांचे तरुण सहायक एगिल क्रोग आणि त्यांच्या हाताखालचे जेफ्री डॉनफेल्ड. त्यांच्यापुढचा प्रश्न होता वॉशिंग्टन शहरातल्या चोऱ्या-दरोड्यांचा. त्या शहराचा कारभार संघराज्य सरकारच्या हाती, त्यामुळे गुन्हे वाढले तर नाचक्की निक्सन यांची. हेरॉइनचं व्यसन भागवायला माणूस चोरी करतो. व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वाँडर यांनी न्यूयॉर्कमध्ये मेथाडोन देऊन व्यसन आटोक्यात ठेवण्याचा मार्ग दाखवला होता. वॉशिंग्टनमध्ये डॉ. रॉबर्ट ड्युपाँट यांनी तो मोठ्या प्रमाणावर राबवला. मग हेच काम देशभर उभं करायला शिकागोहून डॉ. जेरोम जाफी यांना बोलावण्यात आलं. १७ जून १९७१ रोजी निक्सन यांनी अमली पदार्थांच्या व्यसनाला ‘शत्रू क्रमांक एक’ म्हटलं. हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच दिवशी त्यांनी काँग्रेसकडे १५.५ कोटी डॉलर जादा मागितले आणि त्यांतले १०.५ कोटी केवळ उपचार आणि पुनर्वसनासाठी होते, हे मात्र कुणाला आठवत नाही. व्हिएतनाममधून परतणाऱ्या सैनिकांतलं हेरॉइनचं प्रमाण पाहून सरकार हादरलं होतं. तिथे खटले भरण्याऐवजी मूत्रतपासणी आणि उपचार हा मार्ग धरला गेला. १९७०च्या अमली पदार्थ कायद्याने तर ताबा-विक्रीच्या बहुतेक गुन्ह्यांवरची किमान सक्तीची शिक्षाच काढून टाकली होती.

हे सारं परोपकारातून झालं असं कुणी समजू नये. १९७२ची निवडणूक समोर होती आणि गुन्हे घटल्याचे आकडे हवे होते. पण मतांसाठी दवाखाने उघडणं एक, आणि काळ्यांच्या वस्त्या उद्ध्वस्त करायला खोटा बागुलबुवा उभा करणं दुसरं. दप्तरात पहिल्याचा पुरावा पानोपानी मिळतो.

यावर पूर्वपक्ष असा येईल: कट करणारे कागदावर थोडंच लिहितात? इतर कुठल्या सरकारबाबत हा आक्षेप मी निमूट मान्य केला असता. इथे नाही. कारण ही मंडळी लिहीत होती. ११ ऑगस्ट १९७१चं एक टाचण आहे. पेंटागॉनची गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या डॅनिएल एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडच्या फायली गुपचूप मिळवाव्यात, अशी शिफारस त्यात आहे. खाली अर्लिकमन यांची संमतीची आद्याक्षरी आहे, आणि माग लागणार नाही अशी हमी तुम्ही देत असाल तर, अशी हस्ताक्षरातली अट. सप्टेंबरात त्या डॉक्टरांचं कार्यालय फोडलं गेलं. टाचण पाठवणाऱ्या दोघांत एक होते क्रोग, म्हणजे मेथाडोनची टाचणं लिहिणारेच क्रोग. घरफोडी लिहून मंजूर करणारी माणसं अमली पदार्थांच्या कटाबद्दल तेवढी सोवळी राहिली, हे मला पटत नाही. राजकीय शत्रूंना सरकारी यंत्रणेकरवी कसं छळावं याचंही टाचण त्याच महिन्यात, त्याच व्हाइट हाउसमध्ये, तिथले कायदेशीर सल्लागार जॉन डीन यांनी लिहिलं. क्रोग गुन्हा कबूल करून तुरुंगात गेले आणि पुढे आयुष्यभर त्या घरफोडीबद्दल जाहीर पश्चात्ताप करत राहिले. जाफी आणि डॉनफेल्ड यांच्याबरोबर त्यांनी २०१६ मध्ये अर्लिकमन यांच्या नावावरचं वाक्य मात्र अमान्य केलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निक्सन यांचा वर्णद्वेष. तो नाकारण्यात अर्थ नाही. हाल्डमन यांच्या एप्रिल १९६९च्या रोजनिशीतच निक्सन यांच्या तोंडचं बोलणं आहे की कल्याणकारी मदतीचा खरा प्रश्न काळ्यांचा आहे, पण तसं दिसू न देता व्यवस्था बसवावी लागेल. गांजाच्या कायदेशीरपणाची बाजू घेणाऱ्यांत ज्यू किती, यावरची त्यांची गरळ मे १९७१च्या ध्वनिफितीत ऐकू येते. गांजा जवळ बाळगणं गुन्हा मानू नये, ही गांजाविषयी नेमलेल्या शेफर आयोगाची मार्च १९७२ची शिफारस त्यांनी झिडकारली. त्याच वर्षी स्थापन केलेल्या, अमली पदार्थांसाठी छापे घालणाऱ्या पथकाने १९७३च्या एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला भलत्याच घरांचे दरवाजे तोडले. निवडणूक जिंकल्यावर, मार्च १९७३ मध्ये, हेरॉइन विकणाऱ्यांना सक्तीच्या किमान शिक्षेची मागणीही निक्सन यांनीच केली. म्हणजे उपचाराचं पर्व अल्पायुषी ठरलं आणि त्याचं पोट कापण्याची सुरुवातही त्याच हातांनी झाली. हे सगळं मान्य करूनही, ठरवून रचलेला कट म्हणून जे सांगितलं जातं ते यातून सिद्ध होत नाही.

आणि त्या एका वाक्यावर भिस्त ठेवण्यात एक मोठी सोय आहे: तुरुंग भरण्याचं सारं पाप एका खोलीतल्या दोन-तीन बदनाम माणसांवर ढकलता येतं. अमेरिकेतले तुरुंग निक्सन यांच्या काळात भरले नाहीत. न्यूयॉर्क राज्याचा १९७३चा जबर कायदा गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांचा. त्यामागे हार्लेममधल्या काळ्या मध्यमवर्गाचाही रेटा होता, हे मायकेल फोर्टनर यांनी दाखवलं आहे. वॉशिंग्टनमध्ये काळ्या नगरसेवकांनी, न्यायाधीशांनी, पोलिसांनी कडक धोरण कसं उचलून धरलं, ते जेम्स फोरमन ज्युनियर यांनी २०१७ मध्ये लिहिलं. हे दोघेही काळे अभ्यासक आहेत, निक्सन यांचे भाट नव्हेत. आपल्या मुलांना दारात हेरॉइन विकलं जात असताना त्या वस्त्यांनी पोलीसही मागितले आणि शाळा, रोजगार, दवाखानेही मागितले. मिळाले ते पोलीस.

मग आला अमली पदार्थांवरचा १९८६चा संघराज्य कायदा. पाच वर्षांच्या किमान शिक्षेसाठी पावडर कोकेन लागे ५०० ग्रॅम, कोकेनचाच ओढायचा प्रकार असलेलं क्रॅक लागे ५ ग्रॅम, आणि क्रॅकसाठी तुरुंगात जाणारे बहुतांशी काळे. प्रतिनिधिगृहात तेव्हा डेमोक्रॅट पक्षाचं बहुमत होतं, सही रेगन यांची होती. जो बायडन त्याच्या पाठीराख्यांत होते, हार्लेमचे काळे प्रतिनिधी चार्ल्स रँगेल यांचाही त्याला पाठिंबा होता. शंभरास एक हे प्रमाण २०१० मध्ये अठरास एकवर आलं. ते अजून एकास एक झालेलं नाही. त्या कायद्यावरची भाषणं छापलेली आहेत, कुणी कसं मत दिलं त्याची यादीही आहे, आणि ती वाचायला योर्बा लिंडाला जावं लागत नाही.