भूतदयेची दुसरी रीति

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेल्या आमच्या कुरुंदवाडास पूर नवा नाहीं. २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं येथें महापूर आले. बिळांत पाणी शिरलें कीं साप घराच्या उंबऱ्याशीं येतो. भिजलेलें पांखरूं ओसरीवर पडतें. प्राणिमात्रांवर दया करावी, हें सुवचन आपण बाळपणींच गिरवितों. परंतु अशा वेळीं ती दया कशी करावी?

आपल्याकडे भूतदयेची परंपरा जुनी आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत सम्राट अशोकानें माणसें व जनावरें या दोहोंच्या औषधोपचारांची सोय केल्याचें गिरनारच्या शिलालेखांत कोरविलें. मुंबईंत भटकीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ सालीं दंगल झाली. पुढें १८३४ सालीं शेट जमशेटजी जिजीभाई प्रभृतींनीं तेथें पांजरपोळ ही संस्था उभारली. जनावरास आंत घ्यावें, चारापाणी द्यावें आणि अखेरपर्यंत सांभाळावें, ही त्या दयेची रीति. १८९० च्या प्राणिक्रौर्यविरोधी कायद्यानेंही ‘प्राणी’ म्हणजे पाळीव अथवा पकडलेला प्राणी, एवढीच व्याख्या केली. मोकळा रानटी जीव तिच्या बाहेर राहिला.

त्याच्यासाठीं निराळे कायदे झाले. त्यांपैकीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीच्या व्याख्येंत पकडण्याचाही समावेश केला. त्यामुळें मायेनें घरीं आणून पाळणेंही गुन्हा ठरूं शकतें. यांत कठोरपणा नाहीं. गाईस माणसाचा हात ओळखीचा असतो. रानच्या जीवास तोच हात काळ वाटतो. कित्येकदां जखमेपेक्षां भीतीनेंच त्याचा प्राण जातो. आणि माणसाळलेल्या पिलास पुढें रान परकें होतें.

म्हणून सापास वा मगरीस हात लावूं नये. गर्दी हटवावी, कुत्रीं आवरावीं आणि वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें. लहान जखमी पांखरूं मऊ फडक्यानें उचलून भोंकें पाडलेल्या खोक्यांत, अंधाऱ्या व शांत जागीं ठेवावें. चोंचींत पाणी ओतूं नये, दूधभात भरवूं नये. पंख फुटूं लागलेलें धडधाकट पिलूं झाडाखालीं दिसलें तर बहुधा त्याचे आईबाप जवळच असतात. तें तेथेंच राहूं द्यावें.

पांजरपोळाच्या दयेनें जनावरास आसरा दिला, हें तिचें मोठें श्रेय. रानच्या जीवावरील दयेचें सार्थक मात्र तो बरा होऊन आपल्या दृष्टीआड निघून जाण्यांत आहे.